वायफाय नाही म्हणून भंगारात?

"संगणक चांगला चालतो, पण त्याला वायफाय नाही" असे म्हणून धडधाकट यंत्रे अडगळीत टाकण्याची एक नवीच रीत आपल्याकडे पडू पाहत आहे. शाळेतले टेबलावरचे संगणक आणि घरातला प्रिंटर यांचा अपराध एवढाच असतो, की त्यांना फक्त तार जोडण्याची खाच आहे आणि राउटर मात्र दुसऱ्या खोलीत आहे. यंत्र मोडीत काढण्यास एवढे कारण पुरेसे आहे, असे मला मुळीच वाटत नाही. नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने अगदी थोड्या खर्चात ही अडचण दूर करणारे एक छोटे उपकरण मिळते. त्याला वायरलेस ब्रिज म्हणतात. आपण त्याला बिनतारी सेतू म्हणू.

सेतूच्या एका अंगाला तारेची खाच असते व दुसऱ्या अंगाला अँटेना. संगणकाची तार सेतूत खोचायची; पुढे सेतू राउटरशी रेडिओलहरींनी बोलतो. संगणकाला याचा पत्ताही लागत नाही. आपण तारेनेच जोडलेलो आहोत, अशा समजुतीत तो काम करीत राहतो.

हे साधते कसे? तारेतून जी भाषा बोलली जाते तिचे नाव ईथरनेट. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी तिचा पाया घातला. त्यांच्यापुढे नमुना होता तो हवाई विद्यापीठाच्या जाळ्याचा, आणि ते जाळे तर बिनतारीच होते! नावातला 'ईथर'ही तोच, ज्याचा मागमूस मायकेलसन आणि मोर्ली यांना १८८७ च्या प्रयोगात लागला नव्हता. वायफायचे पहिले प्रमाण ठरले ते १९९७ साली. तेव्हा तार आणि हवा ही एकाच घराण्यातली भावंडे समजा. दोघांतही माहितीची छोटी छोटी पाकिटे जातात, आणि दोघांतही पत्ता एकाच पद्धतीचा, ४८ बिटांचा असतो. सेतू पाकिटातला मजकूर बदलत नाही. तारेचे वेष्टन काढून हवेचे चढवितो, एवढेच.

आता खरी मौज पाहा. पोस्टात पूर्वी "द्वारा श्री. अमुक" असे लिहून पत्रे पाठवीत. पाहुण्याच्या नावाचे पत्र यजमानाच्या पत्त्यावर येई. सेतूपुढे नेमका हाच प्रश्न असतो. वायफायवरचे यंत्र राउटरकडे पाकीट पाठविते तेव्हा त्यावर सर्वसाधारणपणे तीन पत्ते असतात : पाकीट हवेतून घेणाऱ्याचा, पाठविणाऱ्याचा आणि ज्याला ते शेवटी पोचवायचे त्याचा. पाठविणारा आणि मूळ लिहिणारा एकच, असे यात गृहीत धरलेले आहे. पण सेतूमागे प्रिंटर असेल तर लिहिणारा प्रिंटर आणि पाठविणारा सेतू! चौथा पत्ता लिहायला जागा नाही, आणि ओळख नसलेल्याचे पाकीट राउटर स्वीकारीत नाही.

यावर दोन तोडगे आहेत. राउटर व सेतू दोघांनाही चार पत्त्यांची पद्धत येत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर सेतू प्रत्येक पाकिटावर आपलाच पत्ता घालतो आणि कोणत्या आयपी क्रमांकाचे यंत्र आपल्यामागे आहे याची वही ठेवतो. उत्तर आले की वही पाहून ते योग्य यंत्राकडे देतो. हाच तो "द्वारा"! बहुतेक वेळा हे बिनबोभाट चालते. क्वचित एखादे यंत्र हटून बसते, ते या उसन्या पत्त्यामुळे.

कोणी म्हणेल, संगणकात वायफायची चिमुकली कांडी खोचली तरी भागते. संगणकापुरते ते खरे आहे. पण कांडीला सोबतीची आज्ञावली लागते, आणि प्रिंटरमध्ये किंवा प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपमध्ये ती घालणार कशी? शिवाय कांडी बसते संगणकाच्या पाठीमागे, पत्र्याच्या आडोशाला. सेतू मात्र लांब तारेने खिडकीशी नेऊन ठेवता येतो. ईथरनेटची तार १०० मीटरपर्यंत चालते.

परंतु सेतूची भलावण करताना तारतम्य सोडू नये. वीस संगणकांचा वर्ग एका सेतूमागे बांधला तर सगळ्यांना मिळून हवेतला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर एका वेळी एकानेच बोलायचे. राउटर त्याच मजल्यावर असेल तर सरळ तार ओढावी. पटांगणापलीकडच्या खोलीसाठी सेतू घ्यावा. दुसरे असे, की जुन्या संगणकावरील विंडोजची तपासणी आधी करावी. विंडोज ७ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२० मध्येच थांबल्या. तसला संगणक तसाच इंटरनेटला जोडणे म्हणजे दार उघडे टाकून गावाला जाणे. त्यावर लिनक्सची चालू आवृत्ती घालावी. शिक्षकांनी हे काम नववीच्या मुलांना खुशाल द्यावे. ती ते एका दुपारी करतील.

घरात जुना राउटर पडून असेल आणि त्याच्या मांडणीच्या पानावर 'क्लायंट' किंवा 'ब्रिज' असा पर्याय असेल तर नवा सेतूही विकत घ्यायला नको. मात्र सेतू झालेल्या राउटरचे क्रमांक वाटण्याचे काम बंद करा. क्रमांक वाटणारे दोघे झाले की जाळ्यात गोंधळ माजतो. आणि सेतू हवेतून जोडलेला असताना त्याच राउटरला तारेनेही जोडू नका. वर्तुळ पूर्ण होते, आणि ईथरनेटच्या पाकिटावर किती फेऱ्या झाल्या याची नोंद नसल्याने काही पाकिटे फिरतच राहतात व जाळे ठप्प होते. मोठ्या जाळ्यांतली अशी वर्तुळे आपोआप तोडण्याची युक्ती राडिया पर्लमन या विदुषीने १९८५ मध्ये शोधली. घरगुती उपकरणांत ती असेलच असे नाही.

सेतू बसला की एक प्रयोग करा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. भिंतीवरून परतलेली लहर येणाऱ्या लहरीत मिसळते व खोलीत कमीअधिक तीव्रतेच्या जागा तयार होतात. सेतू दर खेपेस ३ सेंटिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबी सरकवा, हात बाजूला घ्या आणि सेतूच्या पानावर दिसणारी संकेताची तीव्रता वहीत लिहा. वीस नोंदींचा आलेख काढा आणि जिथे तो सर्वांत उंच आहे, तिथे सेतूसाठी खिळा ठोका.