कुऱ्हाड कुणाच्या हातात होती?

‘गावाच्या हाती जंगल दिलं की कुऱ्हाड चालणारच.’ 2006च्या वनहक्क कायद्यावरचा हा आक्षेप कचेरीत ऐकू येतो, तसा वन्यजीवप्रेमींच्या बैठकीतही. तो खोटा आहे, आणि त्याचा पुरावा चंद्रपूर-गडचिरोलीतच आहे.

जंगल पूर्णपणे सरकारच्या ताब्यात होतं तेव्हा काय घडत होतं? 1927च्या वन कायद्याने बांबूला झाडांत घातलं आणि त्याच्यावर वनखात्याचा ताबा आला. गावकऱ्याने कुडासाठी बांबू तोडला तर गुन्हा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला मात्र तोच बांबू करार करून, स्वस्तात. कुऱ्हाड तेव्हाही चालतच होती.

2006च्या कायद्याने बांबू गौण वनोपजात आणला आणि त्याची मालकी गावाकडे दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये सुमारे 1800 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो खातं देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. कायद्याने दिलेला हक्क बजावायला एका गावाला एवढं झगडावं लागतं, याचा मला संताप येतो.

मग हक्क मिळालेल्या गावाने जंगल विकून खाल्लं का? गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहा. 2012मध्ये त्याला सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. तेंदूपत्त्याचा पैसा हातात होता. पण चांगल्या पानासाठी झुडपं छाटतात, रानाला आगी लावतात, म्हणून ग्रामसभेने तेंदूची तोडणीच बंद केली आणि बांबूवर रोजगार उभा केला. जंगलाचा काही भाग तर तिने तोडीपासून पूर्ण राखून ठेवला. पक्षी, प्राणी, रोपं यांची काळजी करणारा हा निर्णय शहाणपणाने, पोट सांभाळून घेतलेला आहे.

सगळीच गावं पाचगाव नाहीत, हे मान्य. काही ठिकाणी ठेकेदार ग्रामसभेला गुंडाळतात. त्यावर उपाय आहे तो ग्रामसभेला हिशेब, प्रशिक्षण आणि बाजार मिळवून देण्याचा. हक्क काढून घेण्याचा नव्हे.

आणि जंगलाची खरी चिंता असेल तर गडचिरोलीतल्याच एटापल्लीकडे बघा. सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. तिथेच 2007मध्ये सुमारे 348 हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा दिला गेला. परिसरातल्या ग्रामसभांनी विरोध केला, तरी खाण सुरू झाली. जंगल खाणीला द्यायच्या आधी ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राने 2009मध्ये सांगितलं होतं. 2022च्या नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधीची ती अट काढली आणि वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याने पाहावी, असं ठरवलं. सरपणाच्या मोळीवर बोट ठेवणाऱ्या वन्यजीवप्रेमींनी ती अट परत आणण्यासाठी या ग्रामसभांच्या बाजूने उभं राहावं.