शाल नको, वही हवी

इतिहासाचा अभिमान मिरवण्यात आम्ही सीमाभागातील मराठी माणसे कोणासही हार जाणार नाही. परंतु घरच्या ओसरीवर बसलेला इतिहास मात्र आम्हांस दिसत नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात प्राण वेचले. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी गोळीबारातून जखमी सोबत्यांस वाहून आणले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांच्यासवे लढून मुकाट्याने शेतीवर परतलेल्यांचे आम्ही काय जतन केले?

म्हाताऱ्यांच्या आठवणी विश्वसनीय नसतात, असा आक्षेप घेतला जातो. उभा जन्म सरकारी दप्तरात घालवल्याने आम्हांस दप्तराची महती ठाऊक आहे, तशी मर्यादाही. दप्तरात हुकूम असतो, तारीख असते. पहाऱ्यावरचा गारठा नसतो, निरक्षर सोबत्याचे पत्र लिहून देणारा हात नसतो. चुकलेली तारीख दप्तरावरून दुरुस्त करता येते. न सांगितलेली आठवण कोठून आणणार?

महायुद्धाची पिढी जवळजवळ सरली. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला लढलेले जवानही आज सत्तरीपार आहेत. आमच्या संस्थांपाशी हारतुऱ्यांस पैसा आहे, व्याख्यानमालांस वेळ आहे. एका वहीस आणि एका दुपारीसच तो नसावा? प्रजासत्ताकदिनी शाल पांघरून वृद्ध जवानास गप्प बसवणे हा सत्कार नव्हे, ती सभ्य उपेक्षा आहे. त्यास बोलू द्यावे, आणि आपण लिहून घ्यावे.