विज्ञानविचार : चाळीस किलोचा आरसा

गतवर्षीच्या स्मरणिकेत याच सदरात मी असे लिहिले होते की, न्यूटनचे नियम दगडधोंड्यांना व ग्रहांना लागू असून पुंजवादाचे राज्य अणूच्या उंबरठ्यापाशी सुरू होते. एका वयोवृद्ध वाचकांनी मला मंडपात थांबवून विचारले, "गुरुजी, हा उंबरठा घातला कोणी?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. वर्गातही मी वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो. ती चूक आज दुरुस्त करावयाची आहे.

लुइझियाना राज्यात लिव्हिंगस्टनजवळ पाइनच्या रानात आणि वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड येथे 'लायगो'च्या दोन वेधशाळा आहेत. प्रत्येकीत ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात जोडलेल्या असून त्यांत ४० किलो वजनाचे आरसे टांगलेले आहेत. दूर कोठे दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की अवकाशच किंचित ताणले जाते. एक नळी लेशमात्र लांबते, दुसरी आखडते, आणि तो फरक लेसर किरणांनी मोजावयाचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी पहिली लहर सापडली. तेव्हा पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता!

रानात एक झाड तोडले तरी जमीन याहून कितीतरी अधिक थरथरते. मग आरसा स्थिर राहतो कसा? आमची आजी सांगे की, ऊसमळ्यात कामास जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाची झोळी फांदीला बांधीत. वाऱ्याने फांदी झरझर हलली तरी मूल निजलेलेच राही. झोळी हा लंबकच होय. आधार सावकाश हलविल्यास टांगलेली वस्तू त्याच्यामागून जाते. झपाट्याने हलविल्यास जडत्वामुळे ती जवळजवळ जागीच राहते. लायगोत अशा चार लंबकांची उतरंड असून शेवटचा आरसा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा काचेच्या चार तंतूंवर लोंबतो. येथवर सारे न्यूटनचे यंत्रशास्त्र.

परंतु प्रकाश हा अखंड धारेसारखा नाही. तो कणाकणांनी येतो, आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांप्रमाणे प्रत्येक क्षणी त्या कणांची संख्या सारखी नसते. त्यामुळे मोजमापात गडबड होते, शिवाय आरशाला कमीअधिक धक्केही बसतात. २०२० साली मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील संशोधकांनी (कराचीत वाढलेल्या नर्गिस मावलवाला त्यांत होत्या) लिव्हिंगस्टनचे हे अवजड आरसे अशा पुंजधक्क्यांनी सरकतात, हे दाखवून दिले. किती सरकतात? आपल्यापुढे हायड्रोजनचा अणू जेवढा क्षुद्र, त्या अणूपुढे तेवढेच क्षुद्र असे ते अंतर आहे. पण सरकतात खास. म्हणजे ज्या आरशाला न्यूटन सांभाळतो, त्यालाच पुंजवाद हलवितो. उंबरठा मी घातला होता, निसर्गाने नव्हे.

ही गडबड समूळ काढता येत नाही. हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व आड येते. बैठकीवरचा लोड एके ठिकाणी दाबला की दुसरीकडे फुगतो. तसा प्रकाश 'दाबून', जेथे मोजावयाचे तेथली अनिश्चितता कमी करून ती दुसरीकडे ढकलण्याची युक्ती दोन्ही वेधशाळांत २०१९ पासून वापरली जात आहे.

महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्यास भारत सरकारने २०२३ साली मान्यता दिली. नागनाथाच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या जागेचीही चौकशी करून यावी. त्या वृद्ध गृहस्थांना मी तसे कळविले आहे.