वर्तवली जाणारी इंजिने

मराठी वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर एक गद्यप्रकार चांगलाच स्थिरावला आहे. त्याला नाव नाही, समीक्षक नाही, आणि आपल्या मराठी विभागांना तर त्याचा पत्ताही नाही. बाजारात अद्याप न आलेल्या, पुष्कळदा कधीच न येणाऱ्या स्पोर्ट्‌स कारमध्ये कोणते इंजिन असेल याची चर्चा करणे, हा त्याचा विषय. ‘गाड्यांचे पान’ म्हणून साहित्याचा माणूस ते उलटून टाकतो. माझे म्हणणे असे की त्याने ते उलटू नये. कवितासंग्रहांच्या परीक्षणांपेक्षा कितीतरी अधिक मराठी तरुण हे गद्य वाचतात, आणि मराठीत शंका कशी घ्यायची, खात्री कशी व्यक्त करायची हे नकळत त्यातूनच शिकतात.

या गद्याची रचना पाहा. वाक्य बहुधा कर्मणी असते. ‘असण्याची शक्यता वर्तवली जात आहे’, ‘असे बोलले जात आहे’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार मिळू शकते’. कोण वर्तवतो, कोण बोलतो, सूत्र कुठले, यांपैकी काहीही वाचकाला कळत नाही. इंजिन दोन लिटरचे असू शकते, तीनचेही असू शकते, आणि नाही निघाले तरी लेखक खोटा ठरत नाही. ‘असू शकते’ हे वाक्य कधीच चुकत नाही, हीच त्याची सोय आहे. ते इंग्रजीतून जसेच्या तसे उचलले आहे, हा आक्षेप दुय्यम आहे. उचललेली वाक्ये भाषेत रुजतातही. मुख्य आक्षेप असा की त्यासाठी मराठीने आपल्याजवळची एक श्रीमंती मोडीत काढली.

‘इंजिन दोन लिटरचे आहे म्हणे’ असे आपण म्हणतो तेव्हा ते ऐकीव आहे आणि त्याची हमी आपण घेत नाही, हे एका ‘म्हणे’त सांगून होते. ‘दोन लिटरचे असावे’ म्हणताना काही खुणा पाहून केलेला तर्क असतो. ‘असेल’मध्ये खुणाही नसतात, नुसता अंदाज, आणि पुष्कळदा किंचित बेफिकिरीही. ‘असणार’ म्हणणारा माणूस पैज लावायला तयार असतो. ‘दिसते’ म्हणणाऱ्याने काहीतरी डोळ्यांनी पाहिलेले असते. माहिती कुठून आली आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे क्रियापदाच्या शेपटीतच सांगण्याची ही सोय खेड्यातली निरक्षर म्हातारीही अचूक वापरते. नव्या गद्याने तिचे काय केले? पाचही रूपांच्या जागी एकच ‘असू शकते’ आणून बसवले. वाचकाला आता अफवा, तर्क आणि निरीक्षण यांतला फरक वाक्यावरून कळू शकत नाही. तो कळू नये, यातच लिहिणाऱ्याचा आणि जाहिरातदाराचा फायदा आहे.

‘शक्यता वर्तवणे’ या शब्दप्रयोगाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. वर्तवणे हे क्रियापद मराठीत भविष्याच्या सोबतीने आले. पंचांगवाला वर्तवतो, जोशी वर्तवतो. आणि बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे, दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत वर्तवले जाते. वाहनविषयक पानाचे शब्द तिथूनच आले आहेत, फक्त ते कुठून आले हे त्या पानाला ठाऊक नाही.

भेंडवळची घटमांडणी वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना ऐकून माहीत असते, पण तिची पद्धत ठाऊक असतेच असे नाही. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली, तीनेकशे वर्षांहून जुनी आहे, अशी परंपरा सांगते. आजही वाघ घराण्यातील मंडळीच ती मांडतात. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात गोलाकार घट आखतात. त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी, अंबाडी, भादली, करडी अशी अठरा धान्ये ठेवतात. मध्यभागी खड्डा करून त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, पुरी, करंजी, वडा, भजे, कुरडई असे पदार्थ, आणि जवळ पान-सुपारी. रात्रभर तिथे कोणी फिरकायचे नाही. पहाटे मांडणारे जाऊन पाहतात. कोणते धान्य सरकले, कुठले ढेकूळ किती भिजले, पान जागेवर आहे की हलले. त्यावरून जमलेल्या शेतकऱ्यांना सांगितले जाते: कोणत्या महिन्यात पाऊस किती, कापूस कसा, ज्वारीला भाव कसा. भादलीवरून रोगराई, करडीवरून देशाचे संरक्षण, आणि पानावरून राजाची गादी.

यात विज्ञान नाही, हे स्पष्टच सांगतो. दाणे मुंगीने, उंदराने, वाऱ्याने हलतात. जुलैच्या पावसाशी त्यांचा संबंध नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या प्रकारावर जे आक्षेप घेतले, ते मला मान्य आहेत. भेंडवळचे ऐकून पेरणी ठरवणाऱ्या माणसाचे नुकसान होऊ शकते आणि ते कागदावरचे नुकसान नसते.

पण मराठीचा प्राध्यापक भेंडवळला हसतो आणि त्याच दिवशीच्या पुरवणीतले ‘इंजिन असण्याची शक्यता वर्तवली जात आहे’ बिनतक्रार गिळतो, तेव्हा मला त्याच्या बुद्धिवादाविषयी शंका येते. भेंडवळला दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, सांगणारा माणूस चार लोकांसमोर आपल्या नावानिशी उभा राहतो. त्याने ‘ऑगस्टमध्ये पाऊस भरपूर’ म्हटले आणि ऑगस्ट कोरडा गेला तर दिवाळीला त्याला विचारणारे शेतकरी त्याच पंचक्रोशीत राहतात. म्हणजे ते भाकीत खोटे पडू शकते. तपासता येईल असे विधान करणे, ही शास्त्रीय वृत्तीची अगदी पहिली अट भेंडवळचा मांडणारा पाळतो. पुढच्या अटी तो पाळत नाही, हा भाग वेगळा. वाहनविषयक पानाचा लेखक पहिलीही पाळत नाही. गेल्या वर्षी कोणते इंजिन वर्तवले होते आणि प्रत्यक्षात कोणते निघाले, याचा ताळेबंद मराठी वृत्तपत्राने छापलेला मी तरी पाहिलेला नाही.

असा ताळेबंद मांडला तर काय दिसेल? दोनच उदाहरणे घेऊ. पुण्याच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये अवंती ही गाडी दाखवली. भारतीय स्पोर्ट्‌स कार म्हणून तिचा गाजावाजा झाला. तिच्यात इंजिन कोणाचे, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. आधी फोर्डचे नाव होते. गाडी रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात रेनोचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते, सुमारे २५० अश्वशक्तीचे. फोर्ड की रेनो, हा प्रश्न घटातल्या दाण्यासारखा इकडे-तिकडे सरकत राहिला. पुण्यात, जिथे इंजिने बनवण्याला कित्येक दशके झाली, तिथल्या गाडीसाठी इंजिन बाहेरूनच का आणावे लागते, हा प्रश्न मात्र कोणी मांडला नाही. त्याचे उत्तर वर्तवता येत नाही. त्यासाठी चाकणला, पिंपरीला जाऊन माणसांना विचारावे लागते. नव्या इंजिनाची जुळणी करायला किती पैसा लागतो, किती गाड्या विकल्या तर तो निघतो, प्रदूषणाच्या चाचण्यांत काय तपासतात, हे समजून घ्यावे लागते.

दुसरे उदाहरण टाटांच्या रेसमोचे. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती दोन आसनी गाडी आली. तिच्यात आसनांच्या मागे बसवलेले, सुमारे १९० अश्वशक्तीचे म्हणून सांगितलेले इंजिन रेव्होट्रॉन घराण्यातले १.२ लिटरचेच होते. त्याच घराण्याचे टर्बो इंजिन २०१४ पासून झेस्ट या साध्या घरगुती गाडीत होते. म्हणजे ज्याचे गूढ उकलायचे होते ते मलकापूर-खामगावच्या रस्त्यावर आधीच धावत होते. पुढे रेसमो विक्रीला आलीच नाही.

याच्या उलट एक इंजिन खरोखर महाराष्ट्रात, रांजणगावच्या कारखान्यात लाखोंनी तयार झाले. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल. मारुतीनेही परवाना घेऊन ते मानेसरला बनवले. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका व्हिस्टामध्ये तेच, पुंटोमध्येही तेच. जाणकार त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे निकष लागू झाले आणि त्याचा काळ संपला. एकच यंत्र तीन कंपन्यांच्या नावांखाली आपण वेगवेगळे समजून विकत घेत होतो, ही वास्तविक कादंबरीच्या तोलाची गोष्ट. ती मराठीत कोणी नीट सांगितली नाही. तिच्यात ‘असू शकते’ला वाव नव्हता, सगळे ‘आहे’ होते.

(महिंद्र समूहाच्या मालकीच्या पिनिनफारिनाने २०१९ मध्ये बतिस्ता आणली, १९०० अश्वशक्तीची. तिच्यात इंजिन नाहीच. विजेच्या मोटारी आहेत, त्याही क्रोएशियाच्या रिमाक कंपनीच्या तंत्रज्ञानाच्या. ‘इंजिन कोणते’ हा प्रश्नच बाद होऊ घातला असताना त्यावरचे गद्य मात्र जोरात आहे.)

आता माझे काही मित्र म्हणतील, बिचाऱ्या तरुणांना स्वप्ने पाहू द्या की. सोयाबीनच्या भावाने पोळलेल्या घरातल्या मुलाने घटकाभर लाल गाडीच्या इंजिनाचा विचार केला तर तुमचे काय बिघडले? काहीच बिघडले नाही. वेगाच्या ओढीला मी नावे ठेवणार नाही. आणि त्या मुलाला यंत्राविषयी कुतूहल आहे, ते तर मला मोलाचे वाटते. तक्रार अशी आहे की त्या कुतूहलाला आपण चघळायला भूस देतो. टर्बो म्हणजे काय, बाहेर फेकलेल्या धुराच्याच जोरावर जास्त हवा आत कोंबून लहान इंजिनातून मोठी ताकद कशी काढतात, हे त्याला समजेल अशा मराठीत चार परिच्छेदांत सांगता येते. बापाच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनापासून सुरुवात केली तर तो पुढे वाचतो. ते सांगणारा लेखक मिळत नाही, आणि तो आपण तयार करत नाही.

मराठीत असे कधी नव्हतेच, असे म्हणायचीही सोय नाही. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी. शंकरराव किर्लोस्करांनी तिचेच मासिक केले; मागोमाग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. दोन महायुद्धांमधल्या मराठी मध्यमवर्गाची वाचनरुची घडवणारा हा सारा संसार नांगराच्या फाळातून उगवला, हे आपण वाङ्मयेतिहासाच्या तासाला शिकवतो. परीक्षेत विचारतो. आणि तरी यंत्राविषयीचे गद्य हे आपल्या अभ्यासाबाहेरचे, असे मानतो. मर्ढेकरांच्या यंत्रयुगीन संवेदनेवर प्रबंध लिहिणाऱ्यांना एखाद्या यंत्राचे नाव विचारून पाहावे. असो.

हे सगळे गाड्यांच्या पानापुरतेच राहिले असते तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पण वाक्य एकदा सवयीचे झाले की ते पुरवणीत थांबत नाही, पहिल्या पानावर येते. समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातून जातो, ना. घ. देशपांड्यांच्या मेहकरजवळून, जिजाऊंच्या सिंदखेड राजा तालुक्यातून. ताशी १५० किलोमीटर वेगासाठी त्याची आखणी झाली, मोटारींना मर्यादा १२० ची. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. त्याआधी आठवडाभर देवेंद्र फडणवीसांनी एकनाथ शिंदे यांना शेजारी बसवून त्यावर मोटार चालवली, आणि मोटार कोणती, वेग किती, हे बातम्यांत झळकले. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली, आणि पंचवीस माणसे आत जळून मेली.

टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. लगोलग ‘टायर फुटल्याने अपघात झाल्याची शक्यता वर्तवली जात आहे’ या घाटाची वाक्ये सर्वत्र पसरली. काही दिवसांत अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा आढळला नसल्याचे आले. पहिल्या दिवशी ‘टायर फुटले, असे चालक म्हणतो’ एवढेच लिहिले असते तर वाचकाला कळले असते की सांगणारा कोण आहे आणि त्याला काय सांगणे सोयीचे आहे. चालकाचे म्हणणे ‘शक्यता’ झाले, तेव्हा म्हणणारा माणूस वाक्यातून नाहीसा झाला. मग रस्त्याची आखणी, चालकाची अवस्था, बसची बांधणी, आडवी पडलेल्या बसचे दार खाली दबल्यावर बाहेर पडायला उरलेली वाट, हे प्रश्न मागे ढकलले गेले.

त्याच महिन्यात त्याच ठिकाणी अपघात टळावेत म्हणून महामृत्युंजय यंत्राचा विधी झाला, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. तो योग्यच होता. यंत्र या शब्दाचे दोन अर्थ आपल्या कोशांत शेजारी शेजारी आहेत; दुसऱ्या अर्थाच्या यंत्राविषयी अंधारात ठेवणाऱ्या वाक्यांवर कोणत्या कायद्याखाली गुन्हा दाखल व्हावा, हे मात्र त्या कायद्यात नाही.

अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतल्या, आणि इतरही, महाविद्यालयांत प्रसारमाध्यमांसाठी लेखन शिकवले जाते. बातमी कशी लिहावी, मथळा कसा द्यावा याचे धडे असतात. येत्या सत्रात शिक्षकांनी एवढे करून पाहावे. एका न आलेल्या गाडीच्या इंजिनाविषयीची बातमी आणि पिंपळखुट्याच्या पहिल्या दिवशीची बातमी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी, ‘असू शकते’ आणि ‘वर्तवली जात आहे’ दोन्हींकडून पुसावे, आणि विद्यार्थ्यांना प्रत्येक रिकाम्या जागी म्हणे, असावे, असेल, असणार, दिसते यांपैकी एक भरायला सांगावे. जिथे कुठलेच बसणार नाही, ते वाक्य कोणी, कशाच्या आधारावर लिहिले, हे त्या वृत्तपत्राला पत्र लिहून विचारावे.