उपदेश उद्योगाचा, जामीन कोणाचा?

बृहन्महाराष्ट्रातील मंडळांच्या व्याख्यानमालांत एक पुष्प बहुधा ठरलेले असते. वक्ता व्यासपीठावर येतो, मराठी माणसाच्या नोकरीप्रियतेचा यथेच्छ उपहास करतो, ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ऐकवितो आणि तरुणांना साहसाची हाक देऊन टाळ्यांच्या गजरात खाली बसतो. श्रोत्यांत निवृत्तिवेतनधारकांचा भरणा. वक्ताही त्यांच्याच पंक्तीतला. ज्याचा पगार कधी एका तारखेने चुकला नाही, त्याने दुसऱ्याच्या मुलाला खोल पाण्यात उडी घेण्यास सांगावे, यात धैर्य ते कोणाचे?

नोकरीचा कैवार आम्हांस घ्यावयाचा नाही. नोकरी म्हणजे अढळपद ही समजूत निदान इंदुरात राहणाऱ्याने तरी बाळगू नये. होळकरांच्या दरबारी पिढ्यानुपिढ्या चालत आलेल्या चाकऱ्यांची घडी १९४८ साली मध्यभारत अस्तित्वात येताच विसकटली. येथील हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांच्या हाती थकलेली देणी पडण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. कित्येकजण तोवर हयातही नव्हते. सैन्यदले वगळता केंद्र सरकारच्या नव्या नोकरांची ठरावीक निवृत्तिवेतनाची हमी १ जानेवारी २००४ पासून गेली; २०२५ साली ती एका पर्यायाच्या रूपाने काही अंशी परत आली इतकेच. तेव्हा नोकरीतही जोखीम आहे. ती दिसत नाही, एवढाच तिचा गुण.

परंतु म्हणून उडी घ्या, हा उपदेश आपोआप सिद्ध होत नाही. व्याख्यात्यांचे लाडके उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडली, हे टाळ्या घेणारे वाक्य सारे सांगतात. मात्र ती नोकरी चालू असतानाच ते मुंबईहून सायकली धाडीत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकीत, हे कोणी सांगत नाही. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी तो घेईनात. बेळगावची जागाही सोडावी लागली. त्या वेळी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, कर्ज दिले, आणि १९१० साली निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांचे कर्तृत्व याने उणे होत नाही. पण त्यांच्यामागे एक भाऊ होता आणि एक राजा होता.

ज्याच्यामागे असे कोणी टिकले नाही, त्याचीही कथा ऐकावी. दादासाहेब फाळके यांनी पुरातत्त्व खात्याची नोकरी सोडली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तो विम्याच्या पॉलिसीवर काढलेल्या कर्जावर आणि सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर. त्याच माउलीने मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. १९४४ साली नाशिकला दादासाहेब वारले ते विपन्नावस्थेत. १९६९ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक दिले जाते. गौरवास समाज हजर झाला. जोखीम घेतेवेळी मात्र हजर होते एका स्त्रीचे स्त्रीधन.

मुद्दा येथेच आहे. साहस हा एकट्या पुरुषाच्या छातीचा गुण नव्हे. तोटा कोणी, किती वाटून घ्यावयाचा याची ती व्यवस्था आहे. आमच्या शेजारचा मारवाडी तरुण दुकान थाटतो तेव्हा रक्तातून काही घेऊन येत नाही. तो आधी नातलगाच्या पेढीवर बसून व्यवहार शिकलेला असतो, त्याला माल उधार मिळतो आणि पहिला डाव फसला तर दुसरा मांडू देणारे कोणी असते. आमच्याकडे लग्नासाठी हातउसने पैसे मिळतात, लेथसाठी मिळत नाहीत. धंद्यात एकदा बुडालेल्या मुलाला आम्ही मुलगी देत नाही आणि वर विचारतो, मराठी माणूस धंदा का करीत नाही?

कोणी म्हणेल, समाजाने पैसे द्यावे आणि ते बुडाले तर? काही बुडतीलच, नाही तर त्यास जोखीम कशास म्हणावे? पण पन्नास घरांनी थोडे थोडे गमावणे हा तोटा. एकाच घराने सर्वस्व गमावणे हा सर्वनाश. या दोहोंतील अंतर ज्यांना उमगत नाही, त्यांनी निदान दुसऱ्यांच्या मुलांना शौर्य शिकवू नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मंडळांच्या इमारतनिधीच्या मुदतठेवी बँकांत वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांच्या व्याजाचा एक हिस्सा उद्योग करू पाहणाऱ्या मुलामुलींच्या कर्जासाठी बाजूला काढावा. हिशेब जाहीर असावा आणि बुडालेल्यास दुसरी संधी मिळावी. यापुढे उद्योगावर व्याख्यान देणाऱ्या वक्त्याने शाल-श्रीफळ स्वीकारण्यापूर्वी त्या निधीत आपला वाटा आधी टाकावा. तोवर आपल्या मुलाच्या हातातील नेमणूकपत्र जपून ठेवणाऱ्या आईला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. घरात हिशेब कळणारी ती एकटीच आहे.