आखाडाआधी कोंबडा निवडा

आषाढ लागला की खुराड्यातून पहिला उचलला जातो तो सगळ्यात वजनदार, रुबाबदार कोंबडा. जत्रेलाही तोच जातो. मागे उरतो तो अंगाने किरकोळ, आणि पुढच्या पिल्लांचा बाप तोच होतो. कडकनाथ किंवा असील घरी शुद्ध राखायची असेल, तर ही रीत आधी मोडायला हवी. एका कोंबडीची पिल्ले मोजकीच. पण कोंबडा एकच असला तर खुराड्यातल्या प्रत्येक पिल्लात निम्मे रक्त त्याचे असते. म्हणून पैदाशीचा नर आखाडाआधीच बाजूला काढावा. नुसत्या रंगावर भुलू नये. कडकनाथचा काळेपणा जोरकस असतो, गावठी कोंबडीपासून झालेल्या त्याच्या संकरित तलंगाही काळ्या निघू शकतात. बोटे सरळ आहेत का, छातीचे हाड वाकडे नाही ना, डोळा तरतरीत आहे का, हे हातात धरून पाहावे. त्याहून महत्त्वाची त्याची आई. कोंबडा स्वतः अंडी देत नाही, पण आईचा अंड्यांचा गुण लेकींपर्यंत पोचवतो. खुडूक कोंबडीखाली ठेवण्याआधी अंड्यावर पेन्सिलीने खूण आणि पिल्लू निघताच पायात रंगीत दोरा, एवढ्याने आई ओळखता येते. पिल्लू वाढेल तसा दोरा मात्र सैल करत राहावा.

एक कोंबडा पुरेसा आहे, असे बहुतेकांना वाटते. अंडी फळण्यापुरते ते खरे आहे, जात टिकवण्यापुरते नाही. दहा कोंबड्यांमागे एकच नर असला तर रक्तनाते दर पिढीला सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. कोंबड्या वीस केल्या तरी ते १३ वरच अडते. नर दोन केले की साडेसातवर येते. वाढत्या रक्तनात्याने अंडी कमी उबतात, पिल्ले मरतुकडी निघतात. दोन नर भांडतात हे कबूल, पण एकाला डालग्याखाली ठेवून पाळी बदलता येते. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचे बीज दोन आठवड्यांहून अधिक टिकते, म्हणून बाप नक्की ठाऊक हवा असेल तर बदलानंतर तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नयेत.

वनराज, गिरिराजची पिल्ले विकत मिळत असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. फक्त अंडी-मटण हवे असेल तर ती जरूर घ्यावीत, कडकनाथपेक्षा ती अधिकच देतील. पण ती संकरातून घडवलेली आहेत, त्यांच्या पिल्लांत तेच गुण एकसारखे उतरत नाहीत आणि दरवेळी नव्याने खरेदी करावी लागते. राहिला दाण्याचा खर्च. तो दोन नरांपुरताच आहे. उबलेल्या पिल्लांत जवळपास निम्मे नरच असतात, तेव्हा आखाडाला बाकीचे आहेतच.