फवारणीआधी कोळी मोजा

बेडसे लेण्यांच्या पायऱ्यांवरून भाद्रपदात खाली पाहिले, की पवन मावळातली भातखाचरे नजरेत मावत नाहीत. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी वाण या पट्ट्याची ओळख बनला आहे. त्याची राखण फवारणी पंप करतो, असा समज पक्का आहे. खरे राखणदार चुडांच्या बुंध्याशी असतात: कोळी, चतुर, टाचण्या, बेडूक. त्यांची मोजदाद न करता औषध मारण्याची सवय मोडायला हवी.

भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्याचेच पाहा. मादी अंडी घालते ती पानाच्या आवरणात, आतल्या बाजूला. फवारणीने वरचे तुडतुडे मरतात, अंडी वाचतात. कोळी उघड्यावर फिरतो, तो मरतो. आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात, तेव्हा पिलांना खाणारे फारसे कोणी उरलेले नसते. तुडतुड्यांची पिढी महिन्याभरात तयार होते. कोळ्यांना पुन्हा जम बसवायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून शेतकरी दुसऱ्यांदा पंप उचलतो, मग तिसऱ्यांदा.

यामागचे गणित इटलीच्या व्हितो वोल्तेरा यांनी १९२६ मध्ये मांडले. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली आणि जाळ्यात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले आढळले. वोल्तेरांच्या समीकरणांतून उत्तर निघाले: शिकारी आणि भक्ष्य, दोघांनाही सरसकट मारत राहिले तर सरासरीने भक्ष्य वाढते आणि शिकारी घटतात. मासेमारी थांबली, की उलट घडते. खाचरातली फवारणी हेच सरसकट मारणे आहे.

इंडोनेशियाने हा धडा देशाच्या पातळीवर गिरवला. तुडतुड्यांनी भात करपू लागल्यावर राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. पुढे कीटकनाशकांवरचे अनुदानही काढून घेतले. शेतकऱ्यांना खाचरात उतरून किडी आणि त्यांचे शत्रू मोजायला शिकवले. कीटकनाशके घटली, भाताचे उत्पादन मात्र वाढले.

भारतानेही १९८७ मध्ये बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. शेतातले बेडूक कमी झाले की किडी माजतात, ही चिंता त्यामागे होती.

पीक डोळ्यांदेखत करपत असताना शेतकऱ्याने हातावर हात ठेवून बसावे, असे कोणी म्हणणार नाही. किडीने नुकसानीची पातळी ओलांडली तर औषध लागेलच. पण ते आधी नव्हे, शेवटी. खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी नष्ट करणाऱ्या मित्रकीटकांची कार्डे, आणि पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे आहेत. ते लावणीनंतर वेळेत गावात पोहोचले पाहिजेत. बांधावरच्या गवतात कोळी आसरा घेतात, तिथे तणनाशक मारणे थांबले पाहिजे. कृषी विभागाने खरिपाची एक तरी बैठक सभागृहाऐवजी बेडशाच्या खाचरात घ्यावी आणि शेतकऱ्यांसोबत एकेका चुडातले तुडतुडे नि कोळी मोजावेत. फवारणीचा सल्ला त्या मोजणीनंतरच द्यावा.